आघात कुठल्या अक्षरावर

मंगळवारी साडेदहाला रोखुस येतो,
उजवा हात मांडीवर ठेवून,
जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलाय.
मागून पीटरनेला, पिशवीत दालचिनीचे चिकट बोलुस
आणि घरून आणलेली सुरी.
खिडकीबाहेर झेलंडचा बांध, बांधावर मेंढ्या,
पलीकडे समुद्र असतो म्हणे.

आम्ही टेबलावर शब्द फोडतो.
पहिला त्याचाच: स्लाउसवाख्टर्सहाउशे,
कालव्याचे दरवाजे राखणाऱ्याचं छोटं घर.
छत्तीस वर्षं राहिला त्यात.
स्लाउस. वाख. टर्स. हाउ. शे.
डाव्या मुठीचे पाच ठोके.
पहिला जोरात, मी सांगते, बाकीचे त्याच्यामागून,
बोट गेल्यावर काठाला लागतं तसं पाणी.
आणि मध्ये हा जो स आहे,
राखणदाराला घराशी बांधणारा,
त्याला अर्थ विचारायचा नाही.
काढलास तर घर सुटतं.
"तो स मीच," पीटरनेला म्हणते
आणि बोलुस कापायला घेते.

एकदा कॅन्टीनच्या मेनूवर ओळ संपली
म्हणून कुणीतरी शब्द भलत्या जागी मोडला.
केर्स-तोमाचेस, चेरीएवढे टोमॅटो, व्हायचे
ते झाले केर्स्त-ओमाचेस:
नाताळातल्या आज्ज्या.
सॅलडमध्ये, काकडीसोबत.
रोखुस हसला. अर्ध्या तोंडाने, पण पुरता.
त्या दिवशी फाइलमध्ये मी एवढंच लिहिलं.

मी ही भाषा तिशीनंतर शिकले.
पहिलं वर्षभर सगळी अक्षरं एकाच उंचीची;
बेकरीतली बाई मान तिरकी करून ऐकायची.
माझ्या भाषेत अक्षरावरच्या जोराला आघात म्हणतात,
आणि रोखुसला फेब्रुवारीत जो झाला, त्यालाही.
इथे हे कुणाला सांगणार?
पण त्याचे ते सपाट, सारखे ठोके
माझ्या कानाला, खरं सांगते, बरे वाटतात.

आज त्याने आपणहून एक शब्द आणला.
आगापिछा नाही, ना मी, ना तो, ना काल.
व्होर. को. मन.
पहिल्यावर जोर दिला तर: घडणं.
दुसऱ्यावर दिला तर: घडू न देणं.
कागदावर दोन्ही एकच.

काय, रोखुस?
त्याने हवेत एक चाक फिरवलं,
मग पाणी दाखवलं,
मग जमिनीपासून एवढी उंची,
टेबलाच्या कडेला हनुवटी टेकेल एवढी.
व्होर. को. मन.
तिन्ही सारखे.

कुठे जोरात? मी विचारलं.
पगार त्याचाच मिळतो मला.
त्याने मूठ उचलली.
पहिला ठोका पडला, बशीतला चमचा किणकिणला,
आणि दुसरा पडायच्या आत
पीटरनेलाने, बोटं चिकट होती तशीच,
ती मूठ धरली.