एक कोटी एक

निपाणीत, अकोळ रोडच्या शेडमध्ये
फुलाक्काचा शेवटचा दिवस.
मी छाटणीचा कारकून,
बी.एस्सी. गणित, दुसऱ्या वर्षाला नापास.
माझ्यापुढं तिच्या कार्डांची थप्पी:
दहा हजार हजेऱ्या, हजेरीमागं हजार विड्या,
छाट गेलेल्या सोडून.
बेरीज मांडायचीच गरज नाही. एक कोटी.

फार सरळ संख्या आहे, अक्का.
फोडत गेलं की सात वेळा दोन, सात वेळा पाच,
बस्स, संपली.
पंचविसाचा कट्टा बांधा, चार लाख कट्टे,
एक विडी सुटी राहत नाही.
मालकलोकांना अशा संख्या आवडतात.

‘आणि ही?’
सुपाच्या कडेला एक होती.
चिमूटभर जर्दा उरलेला, एक पान उरलेलं,
हाताला तर थांबायचं माहीतच नव्हतं.

कार्डाच्या पाठीवर लिहिलं:
एक, सहा शून्यं, एक.
इकडून वाचा, तिकडून वाचा, तीच.
पीएफचा फॉर्म कानडीत, तिथं कानडी आकड्यांत लिहून बघितली.
एकाचं तोंड फिरलं, शून्यं होती तशी गोल.

दोननं जात नाही आता. पाचनं नाही.
मघापर्यंत जे तिला फोडत होते
त्यातलं कुणीच चालत नाही.
अकरानं जाते.
‘आमच्या वळीत अकरा जणीच हुत्या की,’
आणि ती बोटं मोडत नावं घ्यायला लागली,
रुक्साना, मालन, तायव्वा, दोन्ही शेवंत्या,
सातव्या नावाशी थांबली.

एकीच्या वाट्याला
नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव.
ही पुढं फुटते का बघायला तीन रात्री गेल्या.
दोननं भागली, उरला एक.
तीननं, एक. पाचनं, सातनं, एक.
तेरानं एक, सदतिसानं एक,
जणू सुपाकडची तीच विडी
दरवेळी हाताला लागत होती.
बाकीच्यांच्या बाक्या वेगळ्या,
पण शून्य कुणाचीच नाही.
एकशे बासष्ट मूळ संख्या, शेवटची नऊशे त्रेपन्न,
बाकी आठशे ब्याऐंशी.
त्यापुढं जायचं कारण नाही,
त्याहून मोठे दोन अवयव तिच्यात मावतच नाहीत.

चौथ्या दिवशी घरी गेलो सांगायला.
ती दारात मोकळ्या हातांनी बसलेली,
बोटं मात्र आपलं काहीतरी वळत होती.
‘न्हाईच फुटत?’
‘नाही.’
‘कशानंच?’
‘एकानं आणि तिनं स्वतः.’
जरा वेळानं म्हणाली,
‘मग तायव्वाची वाटणी तिच्या लेकीला सांगून ये.
मोडू नको म्हणावं.’

ती एक विडी कुठं ठेवलीत, विचारलं.
‘ठिवतीया कशाला?
संकेश्वरच्या गाडीच्या कंडक्टरनं मागितली, दिली.
काडीपेटी त्याचीच हुती.’