चार किलो

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
मोहरी थांबते. कान ताठ.
समोर खापेकरांचा लॅब्राडोर,
त्याला कशाचंच काही पडलेलं नाही.

चार किलोची पोर
दोरीला लोंबून
अख्खा रस्ता डोक्यावर घेते.
"काऊन वो, चावते काय?"
नाही. घाबरते.
हे म्हणायला मला वर्ष लागलं.

आता आधीच वळते मी,
पानठेल्याच्या मागून.
खिशात उकडलेली कलेजी.
ती त्याला बघते, मग मला. तुकडा.
काल वीस पावलं लांबून.
आज एकोणीस.

"दोरी सैल ठेवा," मेश्राम डॉक्टर म्हणाले होते,
"तुमची मूठ तिला आधी कळते."

परतताना
वळणावर तो अचानक पुढ्यात.
मोहरी नुसती शिंकली.
दचकले
ती मीच.