उरलेले बदल : एक

लॅपटॉपनं विचारलं, प्रदेश बदलायचा का?
खाली बारीक अक्षरात, उरलेले बदल : एक.
त्यानंतर जो असेल तो कायमचा.

चार खर्चून झाले होते.
दोन नंबर इथल्या लायब्ररीच्या डिस्कसाठी,
पाच नंबर पुण्याहून आणलेल्या एका डिस्कसाठी,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मीही केलंय हे. मिरज, पुणे, मस्कत, हल.
मला मात्र आधी कुणी आकडा सांगितला नव्हता.

डिस्क बाबांची आहे.
म्हणजे प्लास्टिक माझं आणि आतले बाबा कंपनीचे,
आणि कंपनी केव्हाच बंद पडली.
दुसरा अंक, एकेचाळिसावं मिनिट :
दार उघडतं,
पोटावर ताणलेल्या खाकी सदऱ्यात बाबा येतात,
म्हणतात, "तार आहे. सही करा,"
आणि जातात.
एकोणीस सेकंद.
बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून केलेली भूमिका.
शेवटच्या नावांत घैसासचं घैसाळ झालंय.

कडेनं आता तांबूस डाग धरलाय.
लोखंड नाही, तरी गंजच म्हणायचा,
आत आत सरकतो, नखभर, नखभर.
मागच्या दिवाळीत बाबांची टोपी
चौकोन चौकोन होऊन खांद्यावर सांडली.

तेव्हाच प्रत काढायला घेतली होती.
कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क संरक्षित आहे.
कुणापासून, ते म्हणाला नाही.

होल्डरनेस रोडवर ट्रेव्हर ब्लेंकिनचं दुकान,
टोस्टर, व्हॅक्यूम, जुने रेडिओ पोटं उघडून पडलेले.
डिस्क उजेडात धरून तो म्हणाला,
मध्ये काही महिने कायद्यानं मुभा दिली होती,
आपल्या वस्तूची आपल्यापुरती एक प्रत.
मग कोर्टात गेली ती मुभा.
आणि तेव्हासुद्धा, लव्ह,
कुलूप फोडायची नव्हतीच.

म्हणजे दही तुझंच, खा,
फक्त मडक्यावरचं झाकण काढू नकोस?
हे मी इंग्रजीतून सांगून पाहिलं.
तो हसला नाही. नीट सांगता आलं नसावं.
डिस्क त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसून दिली,
पैसे घेतले नाहीत.

सुमतीमावशीच्या वहीतून
मी कैरीच्या लोणच्याचं प्रमाण उतरवून घेतलं तेव्हा
मावशीची बरणी चमचाभरही खाली गेली नाही.
उलट तीच मागून ओरडली,
मेथी भाजून लिहिलंस ना?

रविवारी सकाळी मी शेवटचा बदल खर्च केला.
पाच. कायमचा.
ओजस म्हणाला, आई, डिस्क बघतं कोण आता?
आणि टोस्ट घेऊन वर गेला.

मार्मलेडच्या बाटलीला टेकून फोन उभा केला,
पडद्याकडे तोंड करून,
आणि अख्खं नाटक त्याला दाखवलं,
आजारी माणसाला खिडकीशी बसवावं तसं.

प्रत वाकडी आली आहे.
पहिल्या अंकभर पंख्याची घरघर,
नायिका रडते तिथे किटलीचं बटण खट्कन पडतं,
आणि नाट्यगृहाच्या टाळ्यांवर
हंबरवरून आलेले सीगल भांडतात.
अंक बदलताना रंगमंच काळा होतो,
तेव्हा पडद्यात मीच दिसते,
ड्रेसिंग गाऊन, विस्कटलेले केस, हातात चष्मा.
मग दार उघडतं
आणि बाबा माझ्या खांद्यातूनच आत येतात.

"तार आहे. सही करा."

प्रतीत इथे कुणीतरी "हो" म्हणतं.
बऱ्यापैकी मोठ्यानं.
कापून टाकता आलं असतं.

दोन ठिकाणी ठेवली आहे ती फाइल,
एक फोनमध्ये, एक मेथीच्या डब्यातल्या पेन ड्राइव्हवर.
चूक की बरोबर, ट्रेव्हरला विचारलेलं नाही.
नाव देताना फक्त
आडनाव नीट लिहिलं.