दार

लाव्हा धावत येत नाही.
तो येतो भरल्या पोटाच्या गाढवासारखा,
दोन पावलं टाकतो, थांबतो,
मग पुन्हा
भांड्यांची पाटी कुणी फरफटत आणावी
तसा खणखणत पुढं सरकतो.
म्हणून वेळ मिळतो.

आधी शेळ्या. मग द्राक्षाच्या दारूची पिंपं.
मग कौलं, खिडक्या, संडासाचं भांडं,
आणि सगळ्यात शेवटी दार.

फोगो बेटावर, ज्वालामुखीच्या कढईतच वसलेल्या गावात
एर्मेलिंदाला सासूनं शिकवलं होतं:
दार काढताना आधी खालची बिजागरी सोडव,
मग वरची,
नाहीतर अंगावर येतं.
सासूनं तिच्या काळी काढलं होतं, पंचाण्णव साली.
ही तिच्या काळी काढतेय.

नवरा म्हणाला, राहू दे, जड आहे.
ती म्हणाली, बेटावर झाड दाखव एक मोठं.
दार होतं रॉटरडॅमहून भावानं पाठवलेल्या खोक्याच्या फळ्यांचं,
आतल्या बाजूला अजून छापील अक्षरं,
‘ही बाजू वर’, आणि शेजारी एक बाण.
सुतारानं फळ्या उलट्या ठोकल्या,
तेव्हापासून बाण जमिनीकडे.

डोक्यावर दार घेऊन ती चढण चढली,
अर्ध्यावर थकली, दार आडवं टाकलं,
त्यावरच बसली.
खाली तिची शाळा गेली. द्राक्षांचा कारखाना गेला.
चूल होती ती भिंत
जरा वेळ तग धरून उभी राहिली,
आणि मग वाकून आत गेली.

रात्री आदिल्सन आला, तिचा धाकटा,
यंत्रं लावणाऱ्या माणसांच्या पिशव्या वाहणारा.
त्यांचं ऐकून ऐकून आता बोलतोही त्यांच्यासारखा.
म्हणाला, पृथ्वीचं कवच सरकतं, आई,
नखं वाढतात त्या चालीनं.
मंगळाचं सरकत नाही,
तिथं एकाच भोकातून एकच डोंगर वाढत बसला,
इतका पसरट, की माथ्यावर उभं राहिलं
तर पायथा क्षितिजाखाली बुडालेला.
गुरूचा एक चंद्र आहे, आयो,
गुरू त्याला कणकेसारखा तिंबतो सतत,
म्हणून तो आतून तापलेलाच.
शुक्रावर तर बहुतेक जमीन ओतलेलीच सगळी.

‘आणि दारं?’ तिनं विचारलं.
तो गप्प.

मग म्हणाला, समुद्राचं पाणी, ही हवा,
हेही पुष्कळसं आतूनच आलंय म्हणतात, धुरासोबत, फार पूर्वी.
‘मग भाडं वसूल करतोय म्हण की,’
ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

वर चंद्र होता, पुरता भरलेला.
ते काळे डाग, आदिल्सन म्हणाला, तोही लाव्हाच, थिजलेला.
आम्ही तिथं ससा बघतो.
तिच्या आजीला दिसायचा मोळी वाहणारा माणूस.
एर्मेलिंदानं नीट पाहिलं, डोळे बारीक करून.
मोळी कसली,
दार नेतोय तो.

आता घर पुन्हा उभं आहे,
तिथंच,
म्हणजे तिथून दोन पुरुष उंच, जुन्या छपरावर.
फरशी अजून कोमट.
पाव फुगवायला पीठ नुसतं जमिनीवर ठेवायचं,
मांजर तिथून हलत नाही.
राखेत खड्डे खणून वेली लावल्यात,
रात्रीचं धुकं पितात,
पानं काळ्यावर इतकी हिरवी दिसतात
की उगाच राग येतो.

सुतार नवा होता. दार पाहून म्हणाला,
हे उलटं आहे, सरळ करू?
‘बाण बरोबर आहे,’ ती म्हणाली.
‘आणि हे बघ,
खालची बिजागरी
फार घट्ट नको.’