शून्य गुण

कॅसेट चढायला सहा मिनिटं लागत.
तोवर टीव्हीच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा थरकाप
आणि टेपमधून असली किंकाळी
की पलीकडच्या मिसेस ऑर्मरॉड भिंतीवर झाडूचा दांडा हाणत.
त्या सहा मिनिटांत जिन्यावर पाय ठेवायचा नाही, हा लोर्नाचा कायदा.
पायरी नुसती करकरली तरी म्हणायची,
झालं! आता पुन्हा पहिल्यापासून.

मग काळोख. वरून खाली येणाऱ्या चांदण्या.
तळाशी आमचं यान, पोस्टाच्या तिकिटाएवढं,
आणि घिरट्या घालत उतरणारी ती
तबकड्यांसारखी, खेकड्यांसारखी, बिननावाची मंडळी.
जीव तीन. चौथ्या किल्ल्यापाशी तिन्ही संपत.
लोर्नाचा आकडा बेचाळीस हजार सहाशे,
कपाटामागच्या वॉलपेपरवर पेन्सिलीनं लिहिलेला,
कारण यंत्र बंद केलं की ते सगळं विसरून जाई.

बाबा खेळत नसत.
फ्लीटवूडच्या धक्क्याला तेव्हा ट्रॉलर उरले होते
बोटांवर मोजण्याइतके.
आइसलंडनं समुद्रात रेघ ओढली
आणि कॉड रेघेच्या पल्याड राहिले.
'मार्जोरी बेल' भंगारात निघाली त्या दिवशी
बाबांनी तिचं होकायंत्र मागितलं.
मिळाली किटली.
पहाटे तीनला उठायची सवय तेवढी कुणी काढून घेतली नाही.

एका रात्री मी पाणी प्यायला उतरलो.
आवाज बारीक केलेला. खोलीभर निळसर उजेड.
गालिच्यावर बाबा,
जॉयस्टिक सुकाणू धरावं तशी दोन्ही हातांत,
आणि पडद्यावर पाचवा किल्ला मागं पडत होता.
पाचवा!
आम्ही कधी न पाहिलेली हिरवी जमीन,
एक पूल, मग परत काळोख.

गोळी का नाही मारत, बाबा?
त्यांनी मान वळवली नाही.
"मारायलाच हवी असं कुठं लिहिलंय?"
थव्यातून ते यान नेत होते
तरंगत्या बर्फातून बोट न्यावी तसं,
जरा डावीकडे, थांब, थांब,
आता.
वरच्या कोपऱ्यात सहा शून्यं.
एकही जागचं हललेलं नव्हतं.

मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले,
"यान पुढं जातच नाही, पाहिलंस?
पाणीच खाली सरकतंय."
पाणी म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

मग किल्ले संपले. खेकडे संपले.
नुसत्या चांदण्या, त्याही विरळ.
खेळ रचणाऱ्याला इथवर कुणी येईलसं वाटलं नसावं,
किंवा त्याच्याकडची जागा संपली असेल.
आता काय येणार, मी कुजबुजलो.
ते काहीतरी सांगणार,
तेवढ्यात जिन्याखालच्या मीटरमधलं नाणं संपलं.
टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका,
तोही गेला.

सकाळी लोर्ना पोट धरून हसली.
सहावा, आणि गुण शून्य?
कपाट सरकवून तिच्या आकड्याखाली
मी सहा शून्यं लिहिली. तिनं दोनदा खोडली.

पण ते सकाळी.
त्या वेळी बाबा स्वयंपाकघरात
चमच्यांच्या खणात पन्नास पेन्सचं नाणं चाचपत होते,
काटे वाजत होते, सुऱ्या वाजत होत्या,
आणि अंधारातून मला बजावत होते,
हलू नकोस हं,
तुझ्या पायाशी किटली आहे.