डावा समास दीड इंच

तीस क्रेडिट.
एक परकी भाषा: शब्दकोश जवळ, नव्वद मिनिटं.
प्रबंध, आणि त्यावर तीन सह्या, निळ्या शाईत.
सगळं सात वर्षांच्या आत; नाहीतर क्रेडिटं शिळी होतात,
दुधासारखी तारीख बघून ओतून देतो आम्ही.

मी मार्लिस. इतिहास विभाग, दुसरा मजला.
खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतं,
नोव्हेंबरात दिसत नाही.
एकोणीस वर्षं इथे बसून
लोकांच्या भूतकाळावर बरोबरच्या खुणा करते.

आर्विड केट्टुनेन आला तेव्हा बावन्न वर्षांचा होता.
लोहखनिजाच्या धक्क्यावर गुडघा गेला,
गुडघ्यामागोमाग नोकरी.
फॉर्म भरताना पेन असं धरायचा
जसं काही ते हातातून निसटून पाण्यात पडेल.

जर्मनमध्ये दोनदा आपटला.
म्हणाला, फिनिश चालेल? आई होती तोवर घरी बोलायचो.
नियमात बसत होतं. घोडं अडलं तपासण्यावर:
सात प्राध्यापक, एकाला तर जुनी स्लाव्होनिकसुद्धा येते,
आणि निम्म्या पाट्यांवर फिनिश आडनावं असलेल्या या गावात
फिनिश एकालाही नाही.
शेवटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या साइमा रूस्का मिळाल्या,
वय चौऱ्याऐंशी. मानधनाचा चेक त्यांनी परत पाठवला.

उतारा म्हणजे एका खाणकामगाराचं घरी लिहिलेलं पत्र.
साइमाबाईंचा शेरा असा:
"उत्तीर्ण. पण चौथ्या ओळीतल्या 'इकॅवॅ'चं यांनी 'दुःख' केलं आहे.
दुःख एकट्यालाही करता येतं.
इकॅवॅला समोर कुणीतरी लागतं,
आणि ते तिथे नसावं लागतं."
शेऱ्याला जागा एका ओळीची. बाकीचं कागदाच्या पाठीवर.
मी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली.

प्रबंधाचा विषय: धक्क्यावरच्या अपघातांची वही.
अकरा वर्षांत एक्केचाळीस मृत्यू. त्यातल्या तेवीस जणांपुढे
कंपनीच्या कारकुनाचं वळणदार अक्षर:
'फिन. नाव अज्ञात.'
आर्विडने चार वर्षं चर्चच्या नोंदी उपसल्या,
खानावळीची थकलेली बिलं,
एका शिंप्याची मापांची डायरी.
चौदा नावं सापडली.

परिशिष्ट ब परत आलं. रकाने रिकामे ठेवू नयेत, 'अज्ञात' लिहावे.
तो माझ्या टेबलासमोर उभा, टोपी हातात.
"अज्ञात तर कंपनीनेच लिहिलं होतं, मार्लिस.
मीही तेच लिहू?"

नियमावर बोट ठेवायचा पगार मिळतो मला.
त्या दिवशी बोट खाली सरकवत नेलं
कलम नऊपर्यंत, पोटकलम ड:
कोऱ्या पानावर छापावे, 'हेतुतः कोरे ठेवले आहे'.
पान चालतं, तर ओळ का नाही?
डीनच्या ऑफिसला तीन फोन.
चौथ्या दिवशी होकार आला, जांभईसारखा.

तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलं,
ज्ञानात तुमची भर नेमकी किती?
तो बराच वेळ गप्प होता.
"चौदा," म्हणाला.

मग पट्टी घेऊन मी बसले.
डावा समास दीड इंच, कारण बांधणी थोडं खाते.
एकशे अठ्ठेचाळीस पानं.
एक्क्याण्णव्या पानावर एक तळटीप काठाबाहेर सांडली होती,
बोटाच्या पेराएवढी. मला दिसली नाही.

प्रबंध आता तळमजल्यावर आहे, हिरव्या कापडात.
परवा शेल्फवरून काढला तर
परिशिष्टात नऊपैकी एका कोऱ्या ओळीवर
पेन्सिलीने नाव, आडनाव, गावही.
अक्षर आर्विडचं नाही.
थरथरतं, म्हाताऱ्या माणसाचं असावं.

ग्रंथालयाच्या प्रतीत लिहिण्यास सक्त मनाई आहे,
आढळल्यास कळवायचं असतं.
खोडरबर माझ्या खणात आहे.
अजून खणातच आहे.