कदाचित

फैजपूरला चांदरी वाळत गेली
तेव्हा ढोरांच्या डॉक्टरने काचपट्टी दाखवली होती:
शेणात लाल काड्यांचा झुबका.
"खाते, पण अंगी लागत नाही."

आता जळगावात दुर्बीण माझ्या आतड्यात.
पडद्यावर व्रण, उखडलेल्या फरशीसारखे.
फालक डॉक्टरांना मी चांदरीचं सांगितलं,
धारोष्ण दूध, पितळी गडू.
ते चष्मा पुसत राहिले.
"तोच जंतू काही रुग्णांत सापडतो,
काहींत नाही.
कारण की नुसता सोबती,
कुणी ठरवलेलं नाही अजून."

घरी केळीच्या पानावर भरीत, कळण्याची भाकरी.
मला पेज.
कोकिळा विचारते, काय म्हने डाक्टर?
कदाचित, म्हणालो.

खुंट्याला दावं तसंच आहे.
रात्री पाचव्यांदा उठतो
आणि त्यात पाय अडकतो.